हाताची किंमत कोणत्या तक्त्यात?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण भावावर बोललो, विजेवर बोललो, कर्जावर बोललो. ही बोलणी नवी नाहीत आणि प्रश्न सुटेपर्यंत ती जुनीही व्हायची नाहीत. जेवणाआधीच्या या अर्ध्या तासात मात्र असा विषय घ्यायचा आहे, की ज्यावर आपल्या व्यासपीठावरून फारसे कोणी बोलत नाही. मळणी यंत्रात गेलेला हात, ट्रॅक्टरखाली सापडलेला पोरगा, चिंचेवरून पडून जन्माचा अंथरुणाला खिळलेला गडी. ज्यांच्या घरात किंवा भावकीत असे काही घडले आहे त्यांनी हात वर करा, असे म्हणायचे मनात होते. पण या विषयावर हात वर करा म्हणायचेही जिवावर येते.

मळणीच्या दिवशी कोणाचा हात गेला तर गाव काय म्हणते? ‘त्याचं नशीब खोटं.’ आणि हात थोडक्यात वाचला, नुसतेच बाहीचे कापड गेले, तर? ‘नशीब बलवत्तर.’ दोन्हीकडे नशीबच. यंत्राचे नाव कोणी घेत नाही, रात्रीच्या कामाचे नाव कोणी घेत नाही आणि पैशाचे तर नाहीच नाही. शेतकऱ्याचे दारिद्र्य कपाळावर लिहिलेले नाही, ते दिल्लीत आणि मुंबईत कागदावर लिहिले जाते, हे आपण १९८० पासून घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो. मग त्याच शेतकऱ्याचा हात गेला की आपण एकदम सटवाईकडे बोट का दाखवायला लागतो?

कृषी खर्च आणि मूल्य आयोगाचा तक्ता आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलाची मजुरी, यंत्राचे भाडे, खेळत्या भांडवलावरचे व्याज, जमिनीचा खंड. अवजारांचा घसारासुद्धा त्यात धरतात. लोखंड झिजते हे सरकारला मान्य आहे. माणूस झिजतो, तुटतो, त्याचा रकाना कोठे आहे? कारखान्यात कामगाराचा हात गेला तर त्याच्या भरपाईचा, विम्याचा खर्च कारखानदार मालाच्या किमतीत घालतो आणि गिऱ्हाईक तो भरते. सोयाबीनच्या तेलाची पिशवी घेणारा त्या पिशवीत कोणाच्या बोटांची किंमत भरतो का? भरत नाही. ती किंमत जिची तिने, ज्याची त्याने आपल्या घरात भरायची, अशी सध्याची व्यवस्था आहे.

आपल्या आजोबापणजोबांच्या शेतीतही अपघात होते. मोटेचा नाडा तुटे, बैल उधळे, चरकात बोटे जात. जुने ते सगळे सोने असे आम्ही म्हणत नाही, म्हणणारही नाही. यंत्र आले ते बरेच झाले, बाईमाणसाचे आणि बैलाचे हाल वाचले. पण एक फरक ध्यानात घ्या. बैलाला ‘हो’ म्हटले की तो थांबतो. माणूस अडकला तर न सांगताही थांबतो. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, ज्याला आपण पीटीओ म्हणतो, तो ‘हो’ म्हटल्याने थांबत नाही. त्याचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा आणि त्याच्या सांध्याचा घेर नुसता एक वीत धरा. सेकंदाला नऊ वीत कापड तो गुंडाळतो, दोन मीटर. सबंध नऊवारी लुगडे गुंडाळायला त्याला चार सेकंद पुरतात, आणि लुगड्याच्या आत माणूस असतो. ट्रॅक्टरवर बसलेल्याला किंकाळी ऐकू जाऊन त्याचा पाय क्लचवर पडेपर्यंत काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून ‘जरा लक्ष ठेवून काम करावं’ हा उपदेश पुरेसा नाही. सेकंदाला नऊ फेऱ्यांपुढे माणसाचे लक्ष काय टिकणार? त्या दांड्यावर कंपनीने प्लास्टिकचे झाकण दिलेले असते. ते पहिल्या हंगामात फुटते आणि दुसरे कोणी बसवीत नाही. आपल्या गावात किती दांडे झाकलेले आहेत, घरी गेल्यावर मोजून बघा.

आता मळणी यंत्राकडे येऊ. आपल्याकडे त्याला हडंबा म्हणतात. नाव मोठे योग्य पडले आहे, कारण तो खरोखरच खायला बसलेला असतो. उत्तरेत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात हरितक्रांतीनंतर गव्हाच्या मळणीला ही यंत्रे आली आणि दर हंगामाला हात तुटू लागले. इतके, की दिल्लीला दखल घ्यावी लागली. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. शेतीतल्या यंत्रांपैकी थेट नाव घेतले ते शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचे. बनवणाऱ्याला परवाना हवा, यंत्र ठरवून दिलेल्या मानकाप्रमाणे हवे आणि अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची हे ठरलेले हवे, असा तो कायदा. या मांडवात त्याचे नाव ऐकलेले किती जण आहेत? शेतमालाच्या साठ्यावर छापा घालायचा कायदा तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो. हा कायदा कोणाला आठवत नाही.

मानक काय सांगते तेही ऐकून ठेवा, कारण ते तुम्हाला स्वतः मोजता येते. भारतीय मानक क्रमांक ९०२०. पीक आत सारायचे जे पत्र्याचे तोंड असते, त्याची लांबी कमीत कमी ९० सेंटीमीटर असावी आणि त्यातला यंत्राकडचा निदान ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा. यामागचा हिशेब अगदी साधा आहे. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास भरतो. तोंड ९० सेंटीमीटर असेल तर झोप लागली, पाय घसरला, पेंढीत बाही अडकली, तरी बोटे पात्यापर्यंत पोचायला अवघड. तोंड दीड वितीचे असेल तर पोचायला काहीच अवघड नाही. हात आणि ड्रम यांच्यामध्ये फक्त एवढा पत्रा आहे. तो पत्रा काय भावाने मिळतो हे गावातल्या कोणत्याही वेल्डरला विचारा.

मग तो पत्रा असतो कोठे? पुष्कळ यंत्रांवर तो बनवतानाच आखूड केलेला असतो, कारण यंत्र स्वस्त विकायचे असते. काही यंत्रांवर असतो आणि नंतर कापला जातो, कारण लांब तोंडातून घास सावकाश जातो. येथे मुद्दा पैशाचा येतो. हडंबेवाला भाडे पोत्यावर घेतो, तासावर नाही. त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आहे, यंत्राचा हप्ता आहे, आणि सोयाबीनचा हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा. जितकी पोती तितके पैसे. मजुरांची टोळी तीही पोत्यावर. इकडे शेतकऱ्याची गंजी रानात लागलेली, वरून परतीच्या पावसाचे ढग, ताडपत्री एकच आणि तीही फाटकी. हडंबा आज पुढच्या शेतात गेला तर चार दिवस परत येत नाही. म्हणून रात्रीचे अकरा वाजले तरी ट्रॅक्टरच्या दिव्यावर काम चालू राहते. सकाळी सातपासून उभा असलेला माणूस घास घालतो आहे. पेंढी ओली आहे, ती नीट आत ओढली जात नाही, म्हणून तो हाताने रेटतो. या क्षणी जो हात जातो, तो निष्काळजीपणाने गेला म्हणायचे का? हडंबेवाल्याला खलनायक करून आपले काम भागेल, पण तोही शेतकऱ्याचाच पोरगा आहे. घाई त्याने निर्माण केलेली नाही. गोदाम असते, सुकवायची सोय असती, ओल्या मालाला मोजून कापायची आणि कोरड्याला योग्य भाव द्यायची रीत असती, तर रात्री अकरा वाजता कोणी हौसेने मळणी करत नाही.

रात्रीवरून आठवले. वर्षानुवर्षे शेतीला वीज पाळीपाळीने रात्रीची देण्यात आली. रात्री दोनला मोटार चालू करायला जाणारा माणूस ओल्या पायाने, एका हातात बॅटरी घेऊन स्टार्टर उघडतो. त्यात विंचूकाटा आहे, विहिरीचा काठ आहे, आणि फ्यूजच्या जागी कोणीतरी घातलेली जाड तार आहे. कारखान्याची वीज रात्रीची ठेवून बघा म्हणावे.

ट्रॅक्टरचे म्हणाल तर उलटण्याचे दोन प्रकार. बांधावरून किंवा विहिरीकडच्या उतारावरून आडवा जातो हा एक, तो सगळ्यांना ठाऊक आहे. रोटाव्हेटर फिरवताना विहिरीकाठी मागे घेऊ नये, वळण लांबून घ्यावे, हे ड्रायव्हर पोरांना सांगितले तर ती ऐकतात. दुसरा प्रकार कमी जणांना माहीत आहे आणि त्यात माणूस हमखास जातो, म्हणून तो नीट सांगतो. रानातले बाभळीचे किंवा लिंबाचे खोड उपटायचे असते. जेसीबीचे भाडे तासावर आणि खोड एकच, म्हणून घरचाच ट्रॅक्टर लावतात. साखळी खोडाला बांधतात आणि दुसरे टोक ट्रॅक्टरला जेथे हाताला सापडेल तेथे, एक्सलच्या वर, वरच्या लिंकला. मग गिअर टाकून झटका देतात. खोड हलत नाही. मागची चाके फिरू शकत नाहीत, तेव्हा इंजिनाचा सारा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात जातो, आणि ट्रॅक्टर मागच्या मागे उभा राहून ड्रायव्हरच्या अंगावर येतो. याला दीड सेकंद लागतो. पाऊण सेकंदात तो अशा ठिकाणी पोचतो, की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची, मग ओढ खालून लागते आणि तोंड सहजी उचलत नाही. झटका द्यायचा नाही. आणि खरे म्हणजे मुळे चारही बाजूंनी तोडल्याशिवाय खोडाला साखळी लावायचीच नाही. कुऱ्हाडीचे दोन तास वाचवायला जाऊन घरातला कर्ता पोरगा गमवायचा, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

यावर इलाज नाही असे नाही. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या भोवती मजबूत लोखंडी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटायचे थांबले नाहीत, त्याखाली माणसे मरायची जवळजवळ थांबली. आपल्याकडे ट्रॅक्टरवर असते ते कापडाचे किंवा पत्र्याचे छत्र, उन्हापुरते. उलटल्यावर ते पापडासारखे चेपते. वर दोन्ही मडगार्डवर दोन माणसे बसलेली, एखाद्याच्या मांडीवर नातू. लग्नातल्या घोड्यावर बसवावे तशी आपण लेकरे ट्रॅक्टरवर बसवतो. मायबहिणींनो, हे तुम्ही थांबवू शकता, कारण लेकरू तुमच्याच हातातून वर जाते.

झाडाचे राहिले. शेळ्यांना पाला म्हणून लिंबावर चढणारे, शेवग्यावर चढणारे, बाभळी सवळणारे. शेवग्याची फांदी भरवशाची नाही हे लहान पोरालाही माहीत असते, तरी शेंगा टोकाला असल्या की माणूस टोकाला जातो. सर्वांत वाईट चिंचेचे. फाल्गुन-चैत्रात चिंचा निघतात. व्यापारी अख्खे झाड उक्ते घेतो, झोडपायला टोळी आणतो. नवरा वर, बायको आणि पोरे खाली वेचायला. वरचा माणूस एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हातातल्या काठीने झोडपतो. पंचवीस-तीस फुटांवर त्याच्या अंगाला एक दोरीही बांधलेली नसते. तो पडला तर झाडाचा मालक म्हणतो, मी तर झाड विकले. व्यापारी म्हणतो, मी तर टोळीला उक्ते दिले. टोळीचा मुकादम म्हणतो, त्याचा तोल गेला त्याला मी काय करू. उक्त्या कामाचा हाच तर फायदा असतो, जबाबदारीही उक्तीच जाते. केरळात माडावर चढणाऱ्यांची हीच गत होती. तेथे चढायचे यंत्र आले आणि नारळ विकास मंडळाने २०११ पासून पोरापोरींना ते वापरायचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, जोडीला अपघाताचा विमाही आणला. नारळाला मंडळ आहे. चिंचेला कोण आहे?

झाड तोडताना एवढेच सांगतो, तोडलेले झाड शेजारच्या झाडात अडकून राहिले तर त्याच्याखाली कोणीही जायचे नाही, ते काढायलाही नाही. लांबून दोर लावून ओढायचे. आणि वरून विजेची तार गेली असेल तर महावितरणच्या माणसाने लाइन बंद केल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही, मग तो दोन दिवसांनी आला तरी चालेल.

आता भरपाईचे. येथे थोडे कागद काढून ऐका. आपल्या राज्यात शेतकऱ्यांसाठी अपघात विमा होता, २०१५-१६ पासून त्याला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले. विमा कंपन्या क्षुल्लक त्रुटी काढून दावे परत पाठवत, तक्रारी फार झाल्या, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये कंपनी बाजूला काढून सरकारने स्वतः सानुग्रह अनुदान द्यायचे ठरवले. मृत्यू झाला, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले, तर २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. यंत्राचा अपघात, विजेचा धक्का, उंचावरून पडणे, सर्पदंश, फवारणीची विषबाधा हे सगळे त्यात बसते. वय १० ते ७५. (दहा वर्षांचे लेकरू शेतात राबते हे सरकारला चांगले ठाऊक आहे, असा याचा अर्थ.) अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत.

पण हे कोणाला? सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका माणसाला. म्हणजे हडंब्यावर घास घालणारा भूमिहीन मजूर बाहेर. चिंचेवरचा गडी बाहेर. घरात शेतात राबणारी माणसे पाच असली तर तीन बाहेर, आणि ती तीन बहुधा कोण असतात हे सांगायला नको. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, बायकोच्या नावाने जमीन करून द्या म्हणून. तेव्हा पुष्कळांना ती भावनेची गोष्ट वाटली. आज सांगतो, ती हातापायाच्या हिशेबाचीही गोष्ट आहे. सातबारावर तिचे नाव असते तर तिच्या अपघाताला ती स्वतःच्या हक्काने पात्र असती. आपली मागणी अशी, की शेतात काम करताना जो जखमी झाला तो पात्र, मग जमीन कोणाचीही असो. दर विचारला तर एका हाताला १ लाख हा कोणी काढला, कोणत्या पद्धतीने काढला, त्याचाही तक्ता आम्हाला दाखवा.

आणखी एक गोष्ट, जी सरकारमुळे नाही, आपल्यामुळे बिघडते. हात गेल्यावर दवाखान्यात नेतात आणि सांगतात, ‘पडला.’ हडंबेवाला हात जोडतो, पोलिसांचे झंझट नको, खर्चाचे मी बघतो. तो दहा-पंधरा हजार बघतो आणि पुढच्या अमावास्येला दिसेनासा होतो. इकडे पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही, पोलीस पाटलाचा अहवाल नाही. मग अर्ज कशाच्या आधारावर करणार? दवाखान्यात जसे घडले तसेच लिहून घ्या. पोलीस पाटलाला त्याच दिवशी जागेवर बोलवा. माणूस गेला असेल तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गाव नमुना ६-क मागा. दुःखात हे सुचत नाही, म्हणूनच हे काम घरच्यांवर टाकायचे नाही, गावच्या शाखेने करायचे.

आणि अपघात घडलाच तर पहिले पाच मिनिटांचे काम. आधी ट्रॅक्टर बंद, पट्टा काढायचा, मगच माणसाला हात लावायचा. ड्रम उलटा फिरवून हात ओढायचा नाही, दुसऱ्यांदा चिरतो. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, हळद, चहापूड, माती काही भरायचे नाही. तुटलेले बोट किंवा पंजा स्वच्छ ओल्या फडक्यात, ते प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. १०८ ला फोन करताना गावाचे नाव सांगून थांबू नका, रस्त्यावर माणूस उभा करा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे गेली, तेव्हा मंत्री आले, चौकशी बसली, वर्तमानपत्रे भरली. कारण ती एकाच हंगामात, एकाच जिल्ह्यात गेली. हात मात्र एकेक जातो. या गावात एक, पुढच्या वर्षी त्या गावात एक. एकेकट्या हाताचा मोर्चा निघत नाही. म्हणून मोजणी आपण करायची. प्रत्येक शाखेने एक वही घालायची. त्यात झालेला अपघात लिहायचा आणि थोडक्यात वाचलेलाही लिहायचा: नुसता पदर गेला, ट्रॅक्टर विहिरीच्या काठावर अडला, फांदी मोडली पण खालच्या फांदीवर हात सापडला. वेळ काय होती, माणूस किती तासांपासून कामावर होता, भाडे पोत्यावर होते की तासावर, यंत्राचे तोंड किती लांब होते. नावे नकोत, कोणाला पकडायचे नाही. एका हंगामाच्या अशा नोंदी जिल्हाभरातून आल्या, तर आयोगापुढे आणि कृषी खात्यापुढे ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल. आज कोणाकडेच नाही.

तुरीची मळणी सुरू व्हायच्या आत आपल्या गावात येणाऱ्या प्रत्येक हडंब्याचे तोंड टेपने मोजायचे. ९० सेंटीमीटर नसेल तर गावातल्या वेल्डरकडून पत्रा वाढवून घ्यायचा, त्याचा खर्च पहिल्या पाच शेतकऱ्यांनी वाटून घ्यावा असे काल कार्यकारिणीत ठरले आहे. हडंबेवाला नाही म्हणाला तर त्या गावात कोणीच त्याला खळे द्यायचे नाही. वह्या मागच्या टेबलावर गावांच्या नावांनी लावून ठेवल्या आहेत. पंगतीला बसण्याआधी ज्याने त्याने आपल्या गावाची उचलावी. दुपारी सातबाराच्या कागदांसाठी दोन वकील मंडळी येणार आहेत, बहिणींनी त्या बैठकीला आधी बसावे.